मारायचा नव्हता, पण मेला

जपानने जुलै २०१९ मध्ये देवमाशांची व्यावसायिक शिकार पुन्हा सुरू केली. २०२४ मध्ये ‘कांगेई मारू’ हे नवंकोरं कारखानाजहाज पाण्यात उतरवलं आणि शिकारीच्या यादीत फिन व्हेलचीही भर घातली. तेव्हापासून एक वाद अधूनमधून उसळी मारतो. एका बाजूला रक्ताळलेल्या डेकचे फोटो आणि ‘ही माणसं आहेत का’ असा सवाल. दुसऱ्या बाजूला ‘तुमच्या ताटातली कोंबडी काय म्हातारपणाने मेली होती का’ असा प्रतिसवाल. आपल्याकडे तर त्याला शाकाहार-मांसाहाराची फोडणी बसते आणि दहाव्या वाक्यापर्यंत देवमासा विषयातून गायब झालेला असतो. दोन्ही पक्ष भांडतात ते मारणाऱ्याच्या मनाविषयी: तो क्रूर की प्रामाणिक, ढोंगी की परंपरानिष्ठ. माझं म्हणणं वेगळं आहे. व्यावसायिक शिकारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी योग्य आहे आणि ती टिकली पाहिजे. पण समुद्रातले हे मोठे प्राणी आज मुख्यतः मरतात ते त्यांना मारायची कोणाचीही इच्छा नसताना. हेतूवरून पाप-पुण्य ठरवत बसलो तर ही मरणं हिशेबात येतच नाहीत. आणि जे हिशेबात नाही ते थांबवणार तरी कोण, आणि कशाच्या आधारावर?

जपान, नॉर्वे आणि आइसलंड या तीन देशांची व्यावसायिक शिकार अलीकडच्या वर्षांत मिळून हजाराच्या आतबाहेर असते. मासेमारीची जाळी आणि दोर यांत अडकून दरवर्षी मरणाऱ्या व्हेल, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज यांचा सर्वाधिक वापरला जाणारा अंदाज तीन लाखांहून अधिक आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. थोड्या ठिकाणच्या नोंदींवरून तो साऱ्या जगासाठी काढलेला आहे आणि त्यात मोठे देवमासे थोडे, छोटे डॉल्फिनच फार. हे सगळं मान्य करून आकडा निम्म्यावर आणला तरी फरक शंभर पटींच्या वरच राहतो. मग संतापाचं माप नेमकं उलटं का?

उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलकडे पाहा. अमेरिका आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला राहणारा हा देवमासा संथ पोहतो, किनाऱ्याजवळ वावरतो आणि मेल्यावर बुडत नाही. त्यामुळे शिकाऱ्यांनी शतकानुशतकं त्याचा पिच्छा पुरवला. १९३५ पासून त्याच्या शिकारीला आंतरराष्ट्रीय मनाई आहे. नव्वद वर्षांच्या या अभयानंतर आज तो उरलाय किती? जेमतेम ३८० च्या आसपास. दक्षिण गोलार्धातल्या त्याच्या भाऊबंदाला संरक्षण मिळालं ते त्याच मनाईचं. सोव्हिएत जहाजांनी १९६० च्या दशकात त्यातले तीन हजारांहून अधिक चोरून मारले, तरीही अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर तो पुढे कित्येक वर्षं दरसाल सहा-सात टक्क्यांनी वाढत राहिला. कायदा दोघांना एकच. उत्तरेकडच्याच्या वाटेत मात्र लॉबस्टर आणि खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे असंख्य उभे दोर आहेत आणि जहाजांची वर्दळ आहे. यातल्या ८५ टक्क्यांहून अधिक राइट व्हेलच्या अंगावर कधी ना कधी दोरात अडकल्याचे वळ आहेत. जबड्यात किंवा शेपटीत रुतलेला दोर ओढत हा प्राणी महिनोन्‌महिने पोहतो, खंगतो, मादीची दोन वेतांमधली वर्षं वाढत जातात. स्फोटक हार्पून लागलेला देवमासा बहुधा काही मिनिटांत मरतो. ज्यांना क्रौर्याच्याच मापाने मोजायचं आहे त्यांनी हे दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहावेत. त्यात हवामानाची भर. अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखाताचं पाणी तापलं, राइट व्हेल ज्या सूक्ष्म कवचधारी जिवांवर जगतो त्यांचं प्रमाण तिथे घटलं, आणि व्हेल अन्नामागोमाग कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तिथे त्यांच्यासाठी ना वेगमर्यादा होती, ना मासेमारीचे नियम. एकट्या २०१७ मध्ये अमेरिका आणि कॅनडा मिळून १७ मेले, त्यातले १२ कॅनडात.

आता या दोरांचे मालक कोण आहेत ते पाहिलं की हेतूचा मुद्दा किती निरुपयोगी आहे ते कळतं. मेन राज्यातले लॉबस्टरवाले म्हणजे काही समुद्र ओरबाडणारे लुटारू नव्हेत. अंड्यांची मादी सापडली तर तिच्या शेपटीला खाच पाडून ते तिला सोडून देतात, म्हणजे पुढच्या कोणी तिला पकडलं तरी ठेवता येत नाही. फार लहान लॉबस्टर सोडायचा आणि फार मोठाही सोडायचा, हा नियम ते पाळतात. आपल्या किनाऱ्यावर इतकी शिस्त पाहायला मिळाली तर मी पेढे वाटीन. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉन्टेरे बे मत्स्यालयाच्या ‘सीफूड वॉच’ने अमेरिकी लॉबस्टरला लाल यादीत, म्हणजे ‘खाणं टाळा’ या यादीत, टाकलं तेव्हा हे लोक खवळले. मेनच्या दोरात अडकून राइट व्हेल मेल्याचा एक तरी पुरावा दाखवा, असं त्यांचं आव्हान होतं. आणि ते तोपर्यंत खरंही होतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नवे निर्बंध २०२८ च्या अखेरीपर्यंत पुढे ढकलले. पण पुरावा का नव्हता? एक तर मेलेल्या राइट व्हेलपैकी साधारण तिसरा हिस्साच माणसाच्या नजरेला पडतो, बाकीचे समुद्र गिळतो. शिवाय दोर सापडला तरी तो कोणत्या राज्यातला हे कळायला मार्ग नसे. २०२० पासून मेनमध्ये दोरांवर जांभळी खूण सक्तीची झाली. जानेवारी २०२४ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर एक तरुण मादी मरून पडली. शेपटीत दोर रुतलेला, आणि दोरावर जांभळी खूण. मेनमधल्या मच्छीमारांची नीती त्या दिवशी बदलली नाही. बदललं एवढंच की मोजायची सोय झाली होती.

जपानच्या बाजूचं बोलणंही ऐकून घेतलं पाहिजे, कारण त्यात दम आहे. उत्तर अटलांटिकमधल्या मिंकी व्हेलची संख्या लाखाच्या घरात आहे. नॉर्वे वर्षाला काहीशे मिंकी मारतो म्हणून ती जात नष्ट होणार नाही. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले आणि त्यांतले बरेचसे तेलासाठी, मार्गारिनसाठी, युरोपच्या बाजारासाठी. आज टोकियोला उपदेश करणाऱ्या देशांपैकी अनेकांच्या बंदरांत व्हेलच्या चरबीवर इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उपाशी जपानला अंटार्क्टिकात शिकारीला जायची परवानगी १९४६ मध्ये दिली ती जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त फौजांचे प्रमुख, अमेरिकी जनरल मॅकआर्थर यांनी. शाळांच्या जेवणात व्हेलचं मांस आलं ते त्या काळात. ‘आमची परंपरा’ या शब्दांमागे ही भूकही आहे, आणि तिची टिंगल करणाऱ्याला माझी सहानुभूती नाही. पण १९६२ च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांवर गेलेली जपानमधली खपत आज दोनेक हजार टनांवर आली आहे. जी परंपरा खुद्द जपानी ताटातूनच उतरली तिच्यासाठी नवं जहाज बांधणं हा परंपरेचा नव्हे, सरकारी हट्टाचा प्रकार आहे. आणि वर्षानुवर्षं ‘संशोधना’च्या नावाखाली अंटार्क्टिकात जे चाललं होतं ते संशोधनासाठी नव्हतं, असं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी सांगून झालं आहे.

तरीही ‘संख्या पुरेशी असेल तर थोडे मारायला हरकत काय’ हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर व्हेलच्या बुद्धिमत्तेत किंवा गाण्यात शोधू नये. ते शिकारीच्या इतिहासात आहे. १९४६ च्या करारातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला. त्याने अंटार्क्टिकासाठी कोटा ठरवला, तोही अजब एककात: एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, म्हणजे अडीच हंपबॅक, म्हणजे सहा सेई. वर्षाला असे १६,००० ‘निळे’ मारायची मुभा. परिणाम उघड होता. कोटा सगळ्यांचा मिळून एकच, त्यामुळे जो आधी मारेल त्याचा. आणि सहा सेई मागे धावण्यापेक्षा एक निळा गाठणं स्वस्त. अंटार्क्टिकातले निळे देवमासे एके काळी दोन लाखांहून अधिक होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काहीशेवर आले. कोटा कागदावर पाळला गेला होता! आणि कागदही खोटे होते. सोव्हिएत ताफ्यांनी युद्धानंतरच्या काळात सुमारे १,८०,००० देवमासे नोंदीत न दाखवता मारले. मांसाची टंचाई होती म्हणून नव्हे, पंचवार्षिक योजनेचं उद्दिष्ट टनांत भरायचं होतं म्हणून. जहाजांवरच्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या खऱ्या नोंदी रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह यांनी १९९३ मध्ये जगापुढे आणल्या तेव्हा आयोगाच्या कित्येक वर्षांच्या आकडेमोडीचा पायाच खचला. ही चोरी आटोक्यात कधी आली? १९७२ मध्ये दुसऱ्या देशाचे निरीक्षक जहाजांवर चढले तेव्हा. निषेधपत्रांनी नाही. १९८२ मध्ये व्यावसायिक शिकारीवर संपूर्ण बंदीचा ठराव झाला तो कोट्याच्या या अपयशाच्या पार्श्वभूमीवर; खोट्या नोंदी उघड्या पडल्या त्या नंतर. त्या ठरावाला मतं देणाऱ्यांत भावनेचा भाग असेलही, पण ज्या धंद्याने तीस वर्षं जमाखर्चच खोटा लिहिला त्याला ‘यापुढे खरं लिहू’ या शब्दावर मुभा का द्यावी, हा प्रश्न भावनेचा नाही.

आणि ही चोरी दूर कुठे बर्फात चालली होती असं समजायचं कारण नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर, २४० च्या आसपास हंपबॅक मारले. जगातले बाकीचे हंपबॅक ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे ये-जा करतात; अरबी समुद्रातले इथेच राहतात, इथेच खातात, इथेच वीण घालतात, आणि जनुकीय दृष्ट्या हजारो वर्षं वेगळे पडलेले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावरच्या मोजणीत ते शंभराच्याही आत भरले. लुबान नावाची एक मादी २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-टॅग लावून सोडली, तर ती अरबी समुद्र पार करून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत ओमानला गेली. म्हणजे हा आपलाही प्राणी आहे. हिंदी महासागर तर १९७९ पासून देवमाशांसाठी अभयारण्य जाहीर झालेला आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत त्यांच्यावर कोणी हार्पून झाडलेला नाही. मग ते वाढत का नाहीत? ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक पाचेकशेवरून पंचवीस हजारांवर गेले की! ओमानमध्ये पाहिलेल्या हंपबॅकपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या वर प्राण्यांच्या अंगावर जाळ्यांचे व्रण आहेत, हे उत्तराचा मोठा भाग सांगून जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिंदी महासागरातल्या ट्यूनाच्या गिलनेटमध्ये (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडलेलं जाळं) १९५० पासून ४० लाखांवर डॉल्फिन आणि तत्सम प्राणी मेले असावेत असा अंदाज मांडला. या मासेमारीत इराण, इंडोनेशिया, पाकिस्तान, ओमान, श्रीलंका यांच्याबरोबर भारतही आहे. शिकारीच्या जहाजांपुढे निदर्शक आपली जहाजं आडवी घालतात; या लाखोंसाठी तशी कोणी घातली नाहीत.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि तो जपानचा नाही, आपल्याच बंदरातला आहे. गिलनेट टाकणारा माणूस गरीब आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि सावकार यांतून त्याच्या हाती उरतं ते थोडं. त्यात पर्ससीनवाले (थव्याला घेरून टाकायचं मोठं जाळं) आणि एलईडीच्या दिव्यांनी मासळी ओढणारे ती आधीच उपसून नेतात. त्याच्या जाळ्यात गादा, म्हणजे डॉल्फिन, अडकला तर त्याला काय आनंद होतो? जाळं फाटतं, मासळी जाते, दिवस वाया जातो. अशा माणसावर पर्यावरणाचा दंडुका उगारायचा आणि शहरात सुरमईची तुकडी मागवायची, हा दुटप्पीपणा मला पूर्ण मान्य आहे. मीही मासे खाणाराच आहे. पण या आक्षेपातून ‘काही करू नये’ हे निघत नाही. ‘खर्च त्याच्यावर टाकू नये’ एवढंच निघतं. पाकिस्तानात डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने वेगळं काही केलं. बाहेरचे निरीक्षक न नेता ट्यूनाच्या बोटींवरच्या तांडेलांनाच, म्हणजे बोटींच्या कप्तानांनाच, नोंदी ठेवायला शिकवलं. जाळ्यात काय आलं हे कळू लागल्यावर पृष्ठभागावर तरंगणारं जाळं सुमारे दोन मीटर खाली सोडून पाहिलं. डॉल्फिन अडकण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. जाळं तेच, बोट तीच, माणूस तोच. हा आपलाच समुद्र, आपल्यासारखीच बोट, तशीच गरिबी. कराचीत जमलं ते मालवणात का जमू नये?

मोठ्या धंद्यातही हे घडलेलं आहे. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या पंखांचा ट्यूना डॉल्फिनच्या कळपाखाली पोहतो. म्हणून १९६० च्या दशकात पर्ससीनवाले डॉल्फिनच हेरून त्यांच्याभोवती जाळं टाकत आणि वर्षाला लाखांनी डॉल्फिन मरत. पुढे जाळ्याच्या वरच्या भागात बारीक आसाची (छिद्रांची) पट्टी आली, जाळं अर्धं ओढल्यावर बोट मागे घेऊन डॉल्फिनना निसटायला वाट देण्याची रीत आली, आणि १९९० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय करारांनी प्रत्येक मोठ्या बोटीवर निरीक्षक बसला. मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला हजाराच्या आसपास आला. हे यश मी फुगवून सांगत नाही. डॉल्फिनचे ते कळप अपेक्षेइतके सावरले नाहीत. शिवाय ‘डॉल्फिन-सेफ’ लेबलच्या नादाने बऱ्याच बोटी तरंगत्या ओंडक्यांभोवती जाळं टाकू लागल्या. तिथे डॉल्फिन वाचतात, पण मुशी, कासवं आणि ट्यूनाची पिल्लं मरतात. ग्राहकाला एकाच गोंडस प्राण्याची काळजी असली की असंच होतं. म्हणूनच मोजायचं ते जाळ्यात आलेलं सगळं, फोटोत चांगलं दिसणारं तेवढंच नव्हे.

भारताने या बाबतीत जे केलं ते फारसं मिरवण्यासारखं नाही. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यांत समुद्री कासवं मरतात म्हणून अमेरिकेने कासवांना निसटायला वाट ठेवणारं यंत्र सक्तीचं केलं आणि ते न लावणाऱ्यांची कोळंबी अडवली, तेव्हा भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ च्या निकालात अमेरिकेने नियम भेदभावाने लावल्याचं ठरलं, पण कासवं वाचवण्याचा उद्देश मात्र वैध मानला गेला. आपण पहिला अर्धा भाग ऐकला. दरम्यान कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींना साजेसं असं यंत्र तयारही केलं. ते जाळ्यांवर चढलं नाही, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. पुढे अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांबाबत तशीच अट आणली, तेव्हा आपल्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने देवमासे आणि डॉल्फिनच्या मोजणीला पैसे दिले. १९८१ पासून व्हेलिंग आयोगाचा सदस्य असलेल्या देशाला आपल्या पाण्यातले देवमासे मोजायची निकड भासली ती कोळंबीच्या बाजारामुळे! याला साम्राज्यवाद म्हणा हवं तर. पण दुसऱ्याने येऊन मोजण्याआधी आपणच मोजलं असतं तर हा शब्द वापरायची वेळ आली नसती.

महाराष्ट्रात मात्र एक चांगली सुरुवात झालेली आहे. २०१८ च्या अखेरीस वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाने योजना आणली: संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. कोकणातल्या मच्छीमारांनी कासवं, डॉल्फिन, व्हेल शार्क सोडले, त्यांची छायाचित्रं दिली, पैसे घेतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाहून आलं तेव्हा तर सारा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसला होता. त्याला समुद्रात ढकलायला यंत्रणा आणि गावकरी राबले, आणि ते शेवटी दगावलं. ती कळकळ खोटी नव्हती. पण या सगळ्यात नोंद होते ती जिवंत सोडलेल्याची आणि किनाऱ्याला लागलेल्याची. जाळ्यातच गुदमरून मेलेल्या गाद्याचं काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आपल्या बोटीवर मेलेला सापडणं म्हणजे तुरुंगाची भीती. शहाणा तांडेल काय करील? तो मुकाट पाण्यात सोडून देईल, आणि वर्षाअखेरीस सरकारी कागदावर शून्य लिहिलं जाईल. ज्या कायद्याने या प्राण्याला वाचवायचं, तोच त्याचं मरण लपवायला शिकवतो.

इंग्लंडमध्ये १९५२ पासून बाळंतपणात मातेच्या प्रत्येक मृत्यूची गोपनीय चौकशी होते, डॉक्टरला शिक्षा करायला नव्हे, कारण कळायला. आणि तिथे लपवाछपवी कमी झाली ती या हमीमुळे. तसाच बदल राज्याच्या योजनेत हवा. मेलेला प्राणी कळवणाऱ्यावर खटला नाही, बोटीचं नाव जाहीर नाही; ठिकाण, खोली, जाळ्याचा प्रकार, आसाचं माप एवढंच नोंदवायचं. बक्षीस मात्र मेलेल्यासाठी एक पैसाही नको, म्हणजे मुद्दाम मारून पैसे उकळण्याचा प्रश्न येणार नाही. कोणी म्हणेल, या आडून आमिषासाठी डॉल्फिन मारणारेही सुटतील. काही सुटतील. पण आज तरी कोण सापडतं आहे? पाच वर्षांच्या अशा नोंदी हातात असल्या तर कोणत्या महिन्यात, किती वाव खोलीवर, कोणत्या जाळ्यात प्राणी मरतात ते दिसेल, आणि मग ते जाळं दोन मीटर खाली सोडायचं की त्या पट्ट्यात महिनाभर टाकायचंच नाही, हे मच्छीमार सोसायट्यांशी बसून ठरवता येईल. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी आपला मच्छीमार पाळतोच की, कारण तिचं कारण त्याला पटलेलं आहे.